डोंगरावर राहिलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी संच आहे. अंगाने लोखंडी पेटी, पोटात काचेचे व्हॉल्व्ह आणि पाठीवर चामड्याचे पट्टे. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले माझे सुटे भाग नूरमोहम्मद यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून निवडून आणले आणि चाकणच्या आपल्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात मला उभे केले. सरकारी परवाना आला त्या दिवशी त्यांनी पेठेत पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि "ह्या डब्याशी बोलून काय मिळतं?" असेही विचारले.

मिळत काहीच नव्हते, पण मजा होती. दर रविवारी नूरमोहम्मद मला पाठीवर घेऊन भामचंद्राच्या डोंगरावर चढत. झाडाला तार ताणली की माझे कान उघडत. मग शाळामास्तर हिंदुराव, जे भीमाशंकरच्या रानात आपला संच घेऊन भटकत, त्यांच्याशी मोर्सच्या कडकट्ट भाषेत गप्पा चालत. आखूड ठोका, लांब ठोका, त्याचे अक्षर, अक्षरांचे शब्द. हवापाण्याची चौकशी, कुठे मध मिळाला, कुठे पाय घसरला, एवढेच बोलणे. तरी मला फार मोठेपणा वाटे.

माझा जीव बॅटरीत. ती पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात चऱ्होलीच्या चिमाजींनी मागून नेली. त्यांच्या पुतणीचे लग्न होते आणि कर्ण्यावर गाणी लावायची होती. नूरमोहम्मद नाही म्हणणारे नव्हतेच. रविवारी सकाळी चिमाजी बॅटरी घेऊन परत आले, ती हळदकुंकू लावलेली, वर नारळ आणि लाडवांची पुरचुंडी. सोबत वधूचे वडीलही आभार मानायला आलेले. आता लग्नघरातून इतक्या मानाने आलेली वस्तू त्यांच्या देखत तपासायची कशी? नूरमोहम्मदांना भीड पडली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच माझ्या शेजारी बांधली. मी ओरडून सांगितले असते, पण मला आवाज देणारी तीच तर होती.

उपकाराची परतफेड म्हणून ओझे वाहायला चिमाजी डोंगरावर आले. तार बांधली, आणि हिंदुराव लगेच ऐकू आले. त्या दिवशी गप्पा नव्हत्या. त्यांचा सोबती ज्योतीराम याला घोणस चावली होती. त्याला डोलीत घालून खेडच्या रस्त्यावर आणतो, तिथे औषध घेऊन डॉक्टर पाठवा, ऐकताय का, असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

नूरमोहम्मदांनी कळ दाबली. माझा काटा जरासा हलला आणि पडला. ऐकायला मला घोटभर वीज पुरते, बोलायला पोटभर लागते. वऱ्हाडाने ती गाण्यांत संपवली होती. नूरमोहम्मद कळ दाबत राहिले. मला माझीच लाज वाटत होती.

शेवटी ते उठले. सायकल पायथ्याशी होती, पण चिमाजींना ती चालवता येत नव्हती, म्हणून चाकणला डॉक्टर आणि जीप गाठायला स्वतःच निघाले. हेडफोन त्यांनी चिमाजींच्या कानांवर चढवला आणि इथेच बसायला सांगितले.

ते दिसेनासे झाले आणि हिंदुराव पुन्हा बोलू लागले. घोडेगावच्या बाजूला बैलगाडी मिळाली आहे, खेडला येत नाही, घोडेगावला नेतो. घोडेगाव. घोडेगाव. मी एकेक ठोका स्वच्छ, खणखणीत चिमाजींच्या कानात घालत होतो. बिचारे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसले होते. घाम पुसत ते हेडफोनलाच म्हणाले, "जरा दम धरा, मास्तर. नूरभाई गेल्यात, येतीलच आता." मग आवाज थांबला.

जीप खेडच्या रस्त्यावर दिवसभर उभी राहिली. घोडेगावला औषध नव्हते. दुसऱ्या दिवशी ज्योतीराम गेला.

हिंदुरावांनी चाकणला येऊन सगळे सांगितले, तेव्हा चिमाजी तिथे नव्हते. ते काही आठवड्यांनी दुकानात आले. ते भजनात मृदंग वाजवीत. कानावर पडलेला ठेका त्यांच्या बोटांतून जात नसे. त्यांनी फळीवर बोटांनी हळूहळू वाजवून दाखवले. घो-डे-गा-व. एक ठोका इकडचा तिकडे नाही.

"नूरभाई, खरं सांगा. तुमी गेल्यावर ह्ये वाजलं, त्यात मास्तरच बोलत व्हते का?"

नूरमोहम्मदांचा हात चाकावरच थांबला.

"नाही, चिमाजीराव. नुसती खरखर होती ती."

चिमाजींनी सुस्कारा सोडला, चहा घेतला आणि घरी गेले. त्यानंतर नूरमोहम्मदांनी मला डोंगरावर नेले नाही. मी फळीवर धूळ खात बसलो. त्यांना खोटे बोलावे लागले याचे मला वाईट वाटते. ते बोलले नसते तर चिमाजींचे काय झाले असते, हेही मला कळते.

मित्रांनो, उसनी दिलेली वस्तू परत घेताना भिडेखातर गप्प बसू नका, तिथेच चालू करून पाहा. माणसे रागवत नाहीत, आणि रागावली तरी चालेल. आणि माझ्यासारख्यापाशी कुणाला बसवून जाणार असाल, तर आधी त्याला आमची भाषा शिकवा. चिमाजी दोन रविवारांत शिकले असते. त्यांना कुणी कधी विचारलेच नाही.