विमानाची शिंगं

आदिनाथनं विमान घेतलं तेव्हा अख्ख्या वळसंगात पेढे वाटले गेले, आणि त्याच्या आईनं, बजाबाईनं, एकच विचारलं, "दात बघितलंस का त्याचं?"

मेंढरू घेताना आधी तोंड उघडून दात बघायचे, मग किंमत बोलायची, हे तिनं पोराला पाजूनच मोठं केलं होतं. पण बोअरवेलच्या गाड्या तीन राज्यांत फिरायला लागल्या तसं पोरगं शिकलेलं विसरलं. कुणीतरी वापरून सोडलेलं, दोन पंख्यांचं, बेचाळीस वर्षांचं टर्बोप्रॉप त्यानं आणलं आणि सोलापूरच्या विमानतळावर एका शेडमध्ये बांधलं. 'बांधलं' हा शब्द बजाबाईचा. बाकीचे 'पार्क केलं' म्हणत.

"बेचाळीस वर्सं!" ती म्हणाली. "एवढ्या वयाचं मेंढरू असतं तर लोकांनी नारळ फोडलं असतं त्येच्यापुढं."

विमान सांभाळायला गुरुशांत होता. अक्कलकोटकडचा, बारीक, अबोल, लायसनवाला इंजिनिअर. त्याची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. आणि सही व्हायला फार वेळ लागे, कारण म्हाताऱ्या विमानाचं रोज एक नवं दुखणं. एक रबरी रिंग गेली तर ती परदेशातून यायला दीड महिना. तोवर इंजिनाची झाकणं उघडी, खाली तेलाची परात, आणि समोर स्टुलावर बजाबाई, गळ्यात फोटोचा पास अडकवून. गेटवरच्या शिपायानं पहिल्या दिवशी तिची पिशवी तपासली होती. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तिला लांबूनच नमस्कार घालायचं ठरवलं.

"दोन दिस उडतंय आन पाच दिस पोट फाडून पडतंय," ती म्हणे. "गुरुशांता, खरं सांग, तू दुरुस्त करतुयास का नुसतं उचकून बघतुयास?"

"बघतो पण, करतो पण, अव्वा."

"आमच्याकडं एवढा येळ लावला असता तर मेंढरू मरून त्येची घोंगडी झाली असती."

"व्हय अव्वा," गुरुशांत म्हणे आणि पाना फिरवत राही. त्याला काहीच लागत नाही, याचाच तिला राग होता. तिच्या तोंडापुढं पाच गावचे सावकार टिकले नव्हते. आणि हा अंगावर पावसाची सर आल्यासारखा नुसता डोकं खाली घालून उभा.

दिवाळीचा पाडवा आला. धनगराच्या घरी त्या दिवशी मेंढरं पूजतात. शिंगं रंगवतात, कपाळाला भंडारा लावतात. पण आदिनाथनं अकरा वर्षांपूर्वी कळप विकला, तेव्हापासून दर पाडव्याला बजाबाई ताट घेऊन रिकाम्या वाड्यात फेरी मारून परत येई. यंदा तिनं ड्रायव्हरला गाडी काढायला लावली. जित्राब कसलं का असेना, घरचं तर होतं.

शेडमध्ये गुरुशांत नव्हता, जेवायला गेला होता. बजाबाईनं विमानाला ओवाळलं, नाकाडावर भंडारा फासला आणि खाली वाकून बघितलं. नाकाडाखाली दोन लाल मुसकी बांधलेली. पूजेच्या दिवशी मुसकं कसलं? तिनं ती ओढून काढली. आतून निघाली दोन शिंगं. बोटभर जाड, पुढं वळलेली, अगदी तरण्या एडक्यासारखी. आणि दोन्हींच्या टोकाला भोक!

तिचं काळीज चर्र झालं. शिंगाला भोक म्हणजे आत कीड, आणि कीड डोक्यात उतरली की जित्राब आठ दिवसांत भुईला. दीड-दीड महिना रबराची वाट बघणाऱ्या त्या लायसनवाल्याला हे दिसलं नाही! तिनं ताटातली हळद घेतली, पिशवीतलं करंजाचं तेल घातलं, घट्ट मळली आणि काडीनं दोन्ही भोकांत ठासून भरली. वळसंग, कुंभारी, कुठकुठली मेंढरं याच औषधावर जगली होती. वरून शिंगांना हळदीचा हात फिरवला, मुसकी परत चढवली आणि मनात म्हणाली, फुकट पगार खातोय मेला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तिचा भाऊ महिपती बेळगावला लेकाकडं राहायचा. खरं तर ओवाळून घ्यायला त्यानं यायचं. पण बजाबाईला विमानातून उतरताना त्याचं तोंड बघायचं होतं. मांडीवर शेंगाचटणीचा डबा घेऊन ती बसली. शेजारी आदिनाथ, पुढं कॅप्टन कुमार. पंखे गरजले, विमान धावायला लागलं, झाडं मागं पळाली, आणि एकदम असा ब्रेक लागला की डबा तिच्या मांडीवरून उडून थेट कॅप्टनच्या पाठीवर आपटला.

"स्पीडचा काटाच हलत नाहीये!" कॅप्टन ओरडला. "दोन्ही काटे! शून्यावर!"

धावपट्टी संपायच्या बऱ्याच अलीकडं विमान थांबलं. आदिनाथच्या कपाळावर चटणी आणि घाम, दोन्ही.

शेडमध्ये परत आल्यावर गुरुशांतनं ती शिंगं काढून टेबलावर ठेवली. कॅप्टननं आदिनाथला समजावलं, "ह्या नळ्यांत समोरून हवा शिरते, तिच्या जोरावर वेग कळतो. एक बंद पडली तर दुसरी असते. दोन्ही एकदम बंद म्हणजे कुणी बघितलंच नाही. वर गेल्यावर कळलं असतं तर आपण गेलो होतो."

"सही कुणाची हाय?" आदिनाथ म्हणाला.

"माझी," गुरुशांत म्हणाला.

"मग ती शेवटची. तुझ्या लायसनचं बी बघतो. वर कळवतो आजच."

गुरुशांतनं नळीतून पिवळा गोळा बाहेर काढला. नाकाशी नेला. मग मान वर करून बजाबाईकडं एकदाच बघितलं.

आता हा बोलणार. बजाबाईच्या जिभेवर चार उत्तरं तयार झाली, एकापेक्षा एक झोंबणारी. पण गुरुशांतनं तो गोळा फडक्यात गुंडाळला, खिशात घातला आणि म्हणाला, "चूक माझीच हाय, साहेब."

चारही उत्तरं वाया गेली. साठ वर्षांत तिनं एकाही जनावराची खोड चुकीची सांगितली नव्हती. माढ्यापासून लोक मेंढरू दाखवायला यायचे तिच्याकडं. आणि आता ह्या काळ्या गॉगलवाल्या कॅप्टनपुढं म्हणायचं, की बजाबाईला शिंग कुठलं आणि नळी कुठली ते कळलं नाही? गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. जाणारा जाईल, त्याच्या जागी दुसरा येईल.

गुरुशांत हत्यारांची पेटी भरायला लागला. एकेक पाना पुसून ठेवत होता, घाई नाही काही नाही.

"पेटी खाली ठेव," बजाबाई म्हणाली. "ते मी भरलंय."

"काय?" आदिनाथ म्हणाला.

"हळद. करंजाच्या तेलात मळून. मला वाटलं शिंगं हायत आन कीड लागलीय. काल मीच भरली."

"आय, तू...?"

"व्हय, मी! आता काय तुतारी लावू तोंडाला?" ती कॅप्टनकडं वळली. "आन 'कुणी बघितलंच न्हाय' म्हणून काय सांगताय? तुमी बी उडायच्या आधी फेरा मारलाच की इमानाला. देवळाला मारत्यात तसा, मोबाईल कानाला लावून."

कॅप्टननं गॉगल काढला आणि फडक्यानं पुसायला घेतला.

"मी बघितली होती हळद," गुरुशांत हळूच म्हणाला. "मुसकी काढताना. पूजेची म्हणून हात लावला न्हाय. भोकात बॅटरी मारून बघायला पायजे होतं."

"मग विचारलं का न्हायस मला?" बजाबाई कडाडली.

"तुमाला विचारायचं कुणी, अव्वा?" गुरुशांतचा आवाज एवढा मोठा असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेडचे पत्रे घुमले. "तोंड उघडलं की अंगावर येताय! दोन वर्सं ऐकतोय! तीन माणसं गेली असती आज, तुमी पन त्यात! मेंढरू न्हवं हे! ह्येला हात लावायचा असंल तर आधी मला विचारायचं, कळलं?"

आपल्या आईशी असं बोललेला माणूस आदिनाथनं आजवर बघितला नव्हता.



"कळलं," बजाबाई म्हणाली.

मग पोराकडं वळली. "लायसनचं काय म्हणत हुतास? गिळ ते. आन त्येला सांग ऱ्हा म्हणून. नीट सांग."

आदिनाथनं नीट सांगितलं. दोनदा. मग घड्याळ बघितलं. "आता नळ्या साफ झाल्या की निघायचं का? अजून वेळ हाय."

"आज न्हाय," गुरुशांत म्हणाला. "नळ्यांच्या मागची सगळी लाईन तपासल्याबिगर सही करणार न्हाय मी."

"अरे, पण मामा तिकडं वाट..."

"न्हाय म्हणतोय न्हवं तो?" बजाबाईनं पोराला तोडलं. "म्हंजी न्हाय. फोन लाव तुझ्या मामाला."

महिपतीनं फोन उचलला. "आक्का, निघालीस का इमानानं? हितं शेजारपाजार गोळा करून ठेवलाय मी."

"पाठव त्यास्नी घरी. इमान बिघडलंय. तूच ये गाडीनं, ओवाळून घ्यायचं असंल तर."

"बिघडलं? एवढा इंजिनेर ठेवलाय न्हवं पोरानं? कुणी बिघडिवलं?"

बजाबाईनं आजूबाजूला बघितलं. कॅप्टन चटणी झटकत होता. गुरुशांत विमानाखाली पाठीवर आडवा झाला होता, फक्त पाय दिसत होते.

"मी बिघडिवलं," ती फोनमध्ये म्हणाली. "शिंग समजून नळीत हळद भरली. हसू नगंस, महिपत्या. हसू नगंस म्हणते ना!"