मीटर उतरवणारा खडा

छापखान्याच्या तळघरात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुस्तकांच्या कडांना सोन्याचा वर्ख लावणाऱ्या बायका काम टाकून उभ्या, कारकून जिन्यावर, आणि मधोमध खडेबाबा. टेबलावर रेडॉन वायू मोजणारं मीटर, त्यावर बाबांचा काळा खडा. सकाळी आकडा मर्यादेच्या दुप्पट होता. बाबांनी धूप पेटवला, "पाताळलहरींनो, आल्या वाटेने परत फिरा," असं घोगऱ्या आवाजात बजावलं आणि ते वर मालकांकडे चहाला गेले. संध्याकाळी आकडा निम्म्याच्याही खाली! बायकांनी हात जोडले.

कोपऱ्यात मापवाली उभी होती. मीटर तिचंच. कारखान्यांतली हवा तपासणं हे तिचं काम. जमिनीतून झिरपणारा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, बंद खोलीत तो साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर करू शकतो, हे सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती. तिला मात्र कुणी कपभर चहा विचारला नव्हता. मीटर हिचं आणि नमस्कार बाबांना! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात सगळ्यांत पुढे हात जोडून कोण, तर तिची सख्खी धाकटी बहीण. ताई नुसती घाबरवते, बाबा बरं करतात, असं तिने चारचौघांत ऐकवलं.

मालकांनी तिने सुचवलेलं, फरशीखालून छपरापर्यंत पाइप नेऊन पंखा बसवायचं काम रद्द केलं आणि टेबलागणिक एक खडा घ्यायचं ठरवलं. बहीण त्याच हवेत दिवसभर बसणार, या विचाराने मापवालीच्या घशाखाली घास उतरेना. पण खरं सांगायचं तर त्यात काळजी कमी आणि जळफळाट जास्त होता.

बाबा पुन्हा आले तेव्हा त्यांची चोरी पकडायचीच म्हणून तिने मीटरवरची नजर हलवली नाही. बाबांनी मीटरला बोटसुद्धा लावलं नाही. धूप पेटला, धुराने बायका खोकू लागल्या. "दोष बाहेर जाऊ द्या," बाबा म्हणाले, आणि बहिणीने लगबगीने दार आणि झरोके सताड उघडले.

मापवाली मनात चडफडली. हीच ती बहीण! वर्षभर दार उघड म्हटलं की वाऱ्याने वर्ख उडतो म्हणून कडी लावून बसायची. ताईसाठी फटसुद्धा नाही, आणि या उपटसुंभासाठी दिवसभर सताड दार? जळता जळताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला: पहिल्या दिवशीही धुरापायी दार उघडंच होतं.

"उद्या हाच खडा, हाच मंत्र," ती मालकांना म्हणाली. "फक्त धूप नको आणि दार बंद."

बाबा उसळले. "दार बंद केलं तर दोष जाणार कुठून?"

"वर्षभर मी तेच विचारतेय."

दुसऱ्या दिवशी दार बंद. खडा मीटरवर जागच्या जागी, आणि आकडा चढतच गेला. तिसऱ्या दिवशी खडा मालकांच्या खणात आणि दार उघडं. मंत्राशिवाय आकडा उतरला. बाबा त्यानंतर चहालाही फिरकले नाहीत.

शेवटी पाइप बसला. पंखा फरशीखालचा वायू ओढून छपरावर सोडतो. दार बंद, वर्ख जागेवर आणि मीटरही खाली. बहीण येईल त्याला तो पंखा कौतुकाने दाखवते, ताईचं नाव काही घेत नाही. मापवालीला हल्ली पंख्याचासुद्धा हेवा वाटतो. वाटू दे, बहिणीच्या श्वासाचा घोर तर मिटला.

तुमच्याकडे कुणी असा खडा घेऊन आला, तर त्याच्या हाताकडे बघत बसू नका. त्याच वेळी दार कुणी उघडलं ते बघा. आणि हात जोडण्याआधी एकदा दार लावून पुन्हा मोजा.