पहिली गड्डी

कवाडाच्या फटीला गाल लावून जमुना मागच्या खोलीत उभी होती. पुढे ओसरीवर पंजाबराव, तिचा भाऊ, निवांतपणे पान जमवत बसला होता.

"माय, दादाले म्हण ना, लवकर निंघ. आठाले माही परीक्षा हाय."

"हळू बोल," दुर्गाबाई कुजबुजल्या. "सौद्याले चालला तो. निंघता निंघता आपलं तोंड कायले दाखवा त्याले?"

आपलं! मायही विधवा, लेकही विधवा. घरचा पुरुष बाहेर पडेपर्यंत पुढलं अंगण दोघींना परकं. उजाडायचं साऱ्या अकोल्याला. या दोघींना मात्र पंजाबरावाच्या वहाणा वाजत लांब गेल्यावर.

गावातल्या एका कापूस कंपनीने हिशेबाच्या यंत्रांचा नवा विभाग उघडला होता. मॅट्रिक झालेली जमुना तिथे बिनपगारी उमेदवार होती. गाठींची आवक जाड कार्डांवर छिद्रांनी टिपायची, दुसऱ्याने टिपलेली पडताळायची, गड्ड्या जुळवायच्या, यंत्र अडलं की चुरगळलेलं कार्ड फूल खुडावं तशा हलक्या हाताने सोडवायचं. जात्यावर बसलेल्या बाईला ओवी सापडावी तसा तिच्या बोटांना त्या खटखटीचा ताल सापडला होता. पण सकाळी यंत्रात पहिली गड्डी घालायला तिला कधीच मिळालं नव्हतं. विभागप्रमुख भगवंतराव यंत्राला कुंकू लावत, उदबत्ती ओवाळत आणि दुसऱ्या उमेदवाराला, कमलाकांतला, हाक मारत.

आज उमेदवारी संपत होती. सकाळचं काम जो पहिल्या गड्डीपासून एकट्याने करून दाखवेल, तो कायम होणार होता. मोठे साहेब स्वतः बघायला येणार होते.

जमुना धापा टाकत पोहोचली तेव्हा यंत्र सुरू झालं होतं.

"या बाप्पा!" कमलाकांत हसला. "वरात निंघून गेली, आता कोनाले ओवाळता?"

"या रोजच उशिरा येतात?" साहेबांनी विचारलं.

"काम उत्तम आहे, साहेब," भगवंतराव हळहळल्यासारखे म्हणाले. "पण वेळेचं भान नाही."

जमुना सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"सायब, उशीर होते, खरं हाय. पन काहून होते, ते इचारा ना! भाऊ घराबाहीर पडल्याबिगर मी दारात येऊ शकत नाही. अन् कधी धावतपळत वेळेवर आलोच, तं यांची पहिली गड्डी झाल्याबिगर मी यंत्रापाशी जाऊ शकत नाही. माह्या कपाळावर कुंकू नाही म्हनून! मंग मी चालवून दाखवू कवा?"

"मी काही जुन्या मताचा नाही," भगवंतराव गडबडले. "चार लोकांच्या मनाला बरं वाटतं, एवढंच."

साहेब भले होते. थोडा विचार करून ते म्हणाले, "बाई, एक तोड आहे. तुम्हाला कायम करतो. तुम्ही दुपारपासून येत चला. म्हणजे घरी अडचण नको, इथेही नको."

नोकरी समोर आली होती. नुसती मान हलवायचा अवकाश. पण जमुनाला दिसल्या त्या एकामागून एक येणाऱ्या दुपारी, साऱ्या जन्माच्या. सकाळ नावाची गोष्ट तिच्यापासून किती गोड बोलून काढून घेतली जात होती!

"नाही, सायब. मी उद्या आठालेच येतो. पहिली गड्डी मी लावतो. तुमाले चालत नसन, तं आताच नाही म्हना."

साहेब चष्मा पुसत राहिले. "या उद्या," ते अखेर म्हणाले. "बघू."

बघू! एवढ्यासाठी जीव आटवला होता तिने. रस्ताभर ती स्वतःशीच चरफडत होती.

"काय झालं वं?" दुर्गाबाईंनी दारातच विचारलं.

"काईच नाही झालं. पन माय, उद्या मी दादाच्या आधी निंघतो. पुढच्या दारानं. त्याले अपशकून वाटत असन, तं त्यानं थांबावं आतमधी."

दुर्गाबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मंग मलेबी उठवजो. पुढच्या अंगनात सडा टाकून लय वर्सं झाली."