उसने हात

"गंगू, उठल्या उठल्या तळहात बघत जा. पाय मग भुईला लाव."

लग्न होऊन शिरड शहापूरला आले, त्या पहिल्या पहाटे थोरल्या जाऊबाईंनी, जीवनबाईंनी, हे सांगितलं. तेव्हापासून रोज बघते. पण माणसांना दाखवायला हात कधी पुढं केले नव्हते.

हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात दुधाच्या जाहिरातीसाठी बायकांचे हात निवडत होते. माझी सून कोमल हौसेनं गेली, सोबत मलाही नेलं. श्रावणातला सोमवार, पोटात उपास, सकाळपासून उभं राहून पाय भरून आले. कोमलचा नंबर आधी आला. हळद शिजवताना भाजल्याचा डाग दिसला आणि तिला बाजूला केलं. मग माझं नाव पुकारलं.

"हात दाखवा, मावशी."

मी तीर्थाला धरतात तशी ओंजळ धरली.

"आता उलटे."

हात काही उलटेनात.

"आई, तीर्थ न्हाई त्यात, सांडणार न्हाई," कोमल मागून म्हणाली. बायका हसल्या. कॅमेऱ्यामागचा पोरगा मात्र हसला नाही. "असेच ठेवा," म्हणाला.

मला निवडलं. शूटिंग गुरुवारी. तोवर माती, शेण, हळद काही शिवायचं नाही; नखात काळं दिसलं तर दुसरी बाई घेणार.

"न्हाई शिवणार," कोमलनंच सांगून टाकलं.

बसमध्ये तिनं माझे हात आपल्या पदरात गुंडाळून धरले.

"जीवनबाईंची पिंड?" मी विचारलं.

जाऊबाई श्रावणभर रोज वारुळाच्या मातीची महादेवाची पिंड करून पूजायच्या. गेल्या साली अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला. तेव्हा डावा हात माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माझं व्रत तुझ्या हातानं चालू दे." मी हो म्हणाले होते.

"मी करते की पिंड."

"त्यांनी माझे हात मागितलेत, बाई."

"देव घेईल समजून."

"देव घेईल. त्यांना काय सांगू?"

कोमलचा अंगठा आपल्या भाजल्या डागावर फिरत होता.

घरी आलो तेव्हा जाऊबाई खाटेवर पडून होत्या. पूजेचा पाट डाव्या हातानं पुसून जवळ ठेवला होता.

"निवडलं का गं?"

"व्हय."

"मग माती नको आणू," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

कोमलनं माझ्या हातांना खोबरेल चोळलं. मी चोळून घेतलं. अंगात उठायचंही त्राण नव्हतं. ती चुलीकडं वळली, तशी मी मोरीवर जाऊन तेल जावं म्हणून राख लावून हात धुतले.

मला मातीची टोपली उचलताना कोमलनं पाहिलं. दारातल्या माझ्या चपला तेवढ्या सरळ करून ठेवल्या.

दिवस मावळायला आला होता. मी हळूहळू वारुळाच्या वाटेला लागले.