पिटुकलीची आई

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बाईंची मान अवघडली होती. त्यात लेकीचा फोन आला, आणि तोही शाळेच्या मधल्या सुट्टीत. लेक नुकतीच एका शाळेत मोठ्या वर्गांना विज्ञान शिकवायला लागली होती. एरवी ती फोन करायची रविवारी, आणि बोलायची तेही मोजकंच.

"आई, आज फळ्यावर काय लिहिलं होतं माहितेय? 'पिटुकली मिस, रात्री पाणी कमी प्या.'"

बाईंच्या हातातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काचेवर पडला. आता हे पिटुकली प्रकरण काय ते सांगायलाच हवं. लेक लहान असताना बाईंनी इंटरनेटवर एक पान काढलं होतं, 'पिटुकलीची आई' नावाचं. नवरा कामानिमित्त कायम बाहेरगावी, घरात बोलायला चिटपाखरू नाही, मग बाई लिहायच्या. पिटुकली बोबडं काय बोलली, पिटुकलीला गणितात भोपळा कसा मिळाला, पिटुकली पाचवीत गेली तरी गादी कशी ओली करते. वाळत घातलेल्या चादरीच्या फोटोसकट हो! लिहायच्या मात्र झकास. खाली कितीतरी आया हसायच्या, रडायच्या, 'आमच्याकडेही तेच' म्हणायच्या. बाईंना तेवढाच आधार. वाईट हेतू नखाएवढाही नव्हता. पण पोरीला विचारलं होतं का कुणी? छे! पोरीला काय विचारायचं?

"काढ ते सगळं," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "मी फळ्याकडे वळले की मागे खसखस पिकते. मागच्या वर्षीही सांगितलं होतं तुला."

"अगं काढते, आजच काढते. जुनं म्हणून राहून गेलं."

बोलणं सोपं. पान उघडून बघतात तर वर्षानुवर्षांचा पसारा. एक गोष्ट पुसावी, तर तीच दुसऱ्या कुणीतरी उचलून आपल्या पानावर लावलेली. बाई दुकानातून यायच्या, कुकर लावायच्या आणि अनोळखी बायकांना निरोप पाठवत बसायच्या, की कृपा करून माझ्या मुलीची ती चादरीची गोष्ट काढून टाका. पुढून उत्तर यायचं, "कुठली हो? अय्या, ही तर मी विसरलेच होते! परत वाचली, काय हसले!" आता काय म्हणावं या बायांना! काहींनी काढली. काहींनी 'इतकी गोड गोष्ट कशाला काढायची' म्हणून उलट बाईंनाच चार शब्द ऐकवले. एका ठिकाणी तर आधी ओळखपत्राचा फोटो मागितला. आपली माहिती पुसायची तर आणखी माहिती द्या, कप्पाळ! बाईंच्या अगदी नाकीनऊ आले.

थोरली नणंद म्हणजे या घरातली न विचारता सल्ला देणारी. ती म्हणाली, "वहिनी, अशी एकेकीच्या पाया पडत कुठवर फिरणार आहेस? एकदाच काय ती जाहीर माफी माग. विषय संपव."

बाईंना ते पटलं. मनात काही दाटलं की लिहायचं, हीच तर इतक्या वर्षांची सवय. बसल्या आणि एका दमात लिहून काढलं: 'लेकी, मला माफ कर. तू गादी ओली करायचीस हे मी जगाला सांगायला नको होतं. आज तुझे विद्यार्थी फळ्यावर लिहून तुला चिडवतात, आणि दोष माझा आहे.' लिहिताना ढसाढसा रडल्या. वर लेकीचा फोटो लावला, शाळेतला, हातात खडू घेतलेला. माफी कुणाची मागतोय ते लोकांना कळायला नको?

हसू नका. बाईंना त्यात काही चुकतंय असं खरंच वाटलं नव्हतं.

ती माफी आजवरच्या सगळ्या लिखाणापेक्षा लांब पोहोचली. 'आई असावी तर अशी' म्हणत लोकांनी बाईंना डोक्यावर घेतलं. एका बातम्यांच्या पानाने तर फोटोसकट मथळाच दिला. शाळेतल्या ज्या वर्गांना पत्ता नव्हता, त्यांनाही लागला. मुख्याध्यापिकांनी लेकीला धीर दिला, तोही स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत.

लेकीचा फोन आला नाही. बाईंनी केला तर तिने उचलला नाही. नवरा आता निवृत्त होऊन घरी असायचा. तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, "माफी तिची मागायची होती, मग लोकांना कशाला सांगितलीस?"

"आलात मोठे शहाणे!" बाई कडाडल्या. "ती लहान होती तेव्हा कुठे होतात?"

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. बाई मोरीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या. त्याचं बोलणं वर्मी लागलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी पान पुसलं. कायमचं पुसायचं की थोडे दिवस झाकून ठेवायचं, असं ते दोनदा विचारत होतं. बाईंनी कायमचं दाबलं. पोरीचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं तिथेच लिहिलेलं होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. लेकीला त्यांनी 'पान पुसलं' एवढाच निरोप पाठवला. उत्तर आलं, 'बरं.'

पुढे बऱ्याच दिवसांनी लेक घरी आली. नवराच तिला आणायला गेला होता. ती पोटभर जेवली, नीट बोलली. शाळेचं विचारलं तर म्हणाली, "थंडावलंय आता. पोरांना दुसरं काहीतरी सापडलं." बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फळीवरचा पेला काढायला लेकीने हात वर केला आणि ती कळवळली. गळ्यापाशी कपडा सरकला. खांद्याखाली पांढरी पट्टी होती, चांगली रुंद.

"अगं बाई! हे काय?"

"काही नाही. बारीकसं होतं, काढलं."

"काढलं म्हणजे? ऑपरेशन? कधी?" बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात बघत होता. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच होतो तिच्याबरोबर," तो म्हणाला. "गाठ होती. तपासायला पाठवली, साधीच निघाली. तिने मला शपथ घातली होती."

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. मित्राकडे जातो म्हणून हा माणूस दोन दिवस गेला होता, तेव्हाच ते. पोटच्या पोरीला भूल देत होते, आणि आपण इथे खुशाल भाजी निवडत होतो.

"मी कुणाला सांगितलं नसतं गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "पान तर केव्हाच गेलं. मी आता लिहीतसुद्धा नाही. तुझी शप्पथ."

"माहितेय मला." लेक खांदा सांभाळत त्यांच्या शेजारी येऊन बसली. "तू नसतंस सांगितलं. पण तिथे पडले होते ना, तेव्हा सारखं वाटत होतं, आईला बोलवावं. आणि लगेच वाटायचं, आईला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. लहानपणापासून तसंच वाटतं. ते जातच नाही गं, आई. मी तरी काय करू?"

दुखतंय का, असं विचारायला बाईंनी तोंड उघडलं. विचारलं तर ती 'नाही' म्हणणार होती, आणि ते खरं की खोटं, हे आता त्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांनी विचारलं नाही.