झऱ्याचा वळसा

कुरणातल्या चाकांच्या चऱ्या बघितल्या आणि रेटाने आपली डोंगरात फिरायची मोटार-बग्गी जागच्या जागी उभी केली. झऱ्याकाठच्या ओल्या जमिनीतून कितीतरी गाड्या एकामागून एक सरळ निघून गेल्या होत्या. गवताचा पार चिखल झाला होता. तिने अशी सणसणीत शिवी हासडली, की चर्चमधल्या बायकांनी कानांवर हात ठेवले असते.

झऱ्याला वळसा घालणारी वाट तिने आणि तिच्या नवऱ्याने, ऑर्व्हलने, स्वतःच्या हातांनी काढली होती. अख्खा उन्हाळा दगड वाहण्यात गेला होता. जंगलखात्याने परवानगी दिली ती एकाच अटीवर: कुरणात चाकं गेली, तर डोंगरावरची वाट सगळ्यांनाच बंद. आता ऑर्व्हलचे गुडघे कामातून गेले होते. वरच्या तळ्यात गळ टाकून बसणं एवढं एकच सुख त्याला उरलं होतं, आणि तिथवर तो बग्गीतूनच जाऊ शकत होता.

इतकी चांगली वाट सोडून लोक चिखलात का घुसले, हे कळायला फार डोकं चालवावं लागलं नाही. तिने फोनवर त्यांच्या बग्गीवाल्यांच्या क्लबचा नकाशा उघडला. वळसा गायब होता आणि रेघ कुरणातून सुतासारखी सरळ गेली होती.

नकाशाचं काम वेंडेलकडे. क्लबातले सगळे आपापल्या फेऱ्यांचे जीपीएस ट्रॅक त्याला पाठवत आणि तो ते जोडून नकाशा बनवी. रेटा त्याच्या गॅरेजात तणतणतच शिरली. वेंडेल शांतपणे म्हणाला, की फाइल जड झाली होती, फोनवर लवकर उघडत नव्हती, म्हणून त्याने रेघांचे निम्म्याहून जास्त ठिपके गाळून टाकले.

"आणि माझं वळण?"

"त्यातच गेलं असणार. मधले ठिपके गेले की रेघ सरळच होते. पण रेटा, लोकांना डोळे आहेत की नाही?"

"आहेत ना. पण तू हातात रेघ दिल्यावर ते उघडतोय कोण?"

त्याने तिच्यादेखत ठिपके परत घातले, नवा नकाशा चढवला आणि वर तिलाच ऐकवलं, की उगाच राईचा पर्वत करू नकोस, शनिवारी माणसं पाठवतो, चुकीची वाट बुजवून टाकू. रेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण माणसं हवी होती. तिने तोंड आवरलं. घरी येऊन तिने जंगलखात्याच्या मारिसोलला फोन केला, सगळं खरं सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी गयावया केली. मारिसोल म्हणाली, शनिवारी येते. काम नीट झालेलं दिसलं, तर वाट चालू ठेवू.

शनिवारी रेटा मारिसोलला घ्यायला पायथ्याशी थांबली. दोघी मारिसोलच्या गाडीतून वर पोचल्या तेव्हा काम उरकलंही होतं. क्लबात नव्याने आलेली, खालच्या शहरातली मंडळी होती. हात चिखलाने माखलेले, चेहरे खुशीत.

कुणी चोरवाट पाडली, की तिच्या तोंडावर दगड आणि ओंडके टाकून ती बंद करायची, हा क्लबचा जुना रिवाज. त्यांनी तो मनापासून पाळला होता. बंद केला होता तो वळसा. रेटाने कडेला लावलेलेच दगड उपसून त्याच्या तोंडावर रचले होते. कुरणातल्या चऱ्या मात्र खडी टाकून सपाट केल्या होत्या, पुढच्या गाड्या रुतू नयेत म्हणून.

"नकाशा बघूनच केलं सगळं," त्यांच्यातली एक पोरगी म्हणाली आणि फोन पुढे धरला. डोंगरावर सिग्नल नसतो, म्हणून तिने नकाशा आधीच उतरवून ठेवला होता. जुना. रेघ सरळ होती.

एवढ्यात वेंडेल डोनटचा खोका घेऊन आला. त्याने बघितलं, मान खाजवली आणि म्हणाला, "नवा उतरवून घ्यायचा राहिला वाटतं यांचा."

त्याच्या टाळक्यात तो खोका हाणावा असं रेटाला फार वाटलं. पण ती मारिसोलकडे बघत होती. मारिसोल खडीवरून चालत पलीकडे गेली, परत आली.

"रेटा, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली. "पण ज्यांना स्वतःची वाट ओळखू येत नाही, त्यांच्या हाती मी ती कशी ठेवू?"

तिने गाडीतून बंदीची पाटी काढली. बाई खरं बोलत होती, आणि त्याचाच रेटाला सगळ्यात जास्त संताप आला. घरी जाऊन ऑर्व्हलला काय सांगायचं, ते कळेना.

ती वळशापाशी गेली आणि वरचा दगड दोन्ही हातांनी ढकलून दिला. मग दुसरा.

"आता कशाला?" वेंडेल म्हणाला. "वाट तर बंदच झाली."

"बंद झाली ना," रेटा म्हणाली. "मग कुठली झाली, ते तरी दिसू दे."