ओबाता गेला त्या दुपारी

पंतप्रधान ओबातांनी टीव्हीवर कमरेत वाकून राजीनामा जाहीर केला, तेव्हा कामिसावाच्या इस्पितळात डायलिसिसच्या खोलीत सहाजण पडून होते. प्रत्येकाच्या एका हातात सुया टोचलेल्या. टाळ्या वाजवायला दोन हात लागतात, म्हणून त्यांनी मोकळ्या हातानं पलंगाचे कठडे बडवले. असा दणदणाट त्या खोलीनं कधी ऐकला नव्हता.

"गेली एकदाची ब्याद!" सफरचंदांच्या बागेचा मालक तोराजी ओरडला. "नर्सबाई, आज अंगातलं अर्धा लिटर पाणी जास्तच काढा. संध्याकाळी बाटली उघडणार मी!"

"उघडा की. मग गुरुवारी सुजलेलं तोंड घेऊन माझ्याकडेच या," नर्स म्हणाली.

कियोए नवऱ्याच्या, एइकिचीच्या, उशाशी बसली होती. तिनंही दोन थपडा हाणल्या कठड्यावर. का नाही हाणणार? या बाबानं तांदूळ महाग केला, म्हाताऱ्यांची औषधं महाग केली, आणि वर सभेत विचारलं तर हसला! टीव्हीवर तोक्योचं स्टेशन दाखवत होते. वर्तमानपत्राच्या जादा अंकासाठी लोकांची झोंबाझोंबी चालली होती. टाय सैल केलेला एक कारकून कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "छान झालं. पण पुढचा कोण देव लागून गेलाय?"

तिसऱ्या थपडेला कियोएचा हात हवेतच राहिला. परवा गुरुवार!

गुरुवारी सकाळी ओबाता तिला दहा मिनिटं भेटणार होता. ही खोली डिसेंबरअखेर बंद होणार होती. त्यानंतर सगळ्यात जवळचं मशीन घाटापलीकडे शहरात, जायला दोन तास, यायला दोन तास, आठवड्यातून तीनदा. खोली वाचवायला तिनं चार हजार सह्या जमवल्या होत्या. आणि त्याही दुसऱ्यांदा. पहिल्या गठ्ठ्यावर ओबाताच्या आधीच्याचं नाव होतं. तो पडला आणि गठ्ठा रद्दी झाला. आता रेल्वेची तिकिटं काढलेली, काळा सूट इस्त्री करून टांगलेला.

पिशवीतला फोन वाजला. गुरुवारची भेट ठरवून देणारे, खासदारांचे सेक्रेटरी मुराकोशी. ती फोन घेऊन बाहेर बोळात गेली.

"कियोएसान, गुरुवारचं आता जमणार नाही. मनापासून माफी मागतो."

"मग नव्या साहेबांची वेळ घ्या ना."

"आधी पक्षाची निवडणूक, मग मंत्रिमंडळ, मग बजेट. मार्चच्या आत कठीण आहे. आणि अर्ज नव्या नावानं लागेल."

"सह्या?"

"त्याही नव्यानं."

"अहो, त्यातली अकरा माणसं वारली! आणि खोली तर डिसेंबरात बंद होतेय!"

"हो, खरं आहे तुमचं," मुराकोशी म्हणाले. तिनंच फोन ठेवला.

आत येऊन तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. लपवून काय उपयोग? टीव्हीतली माणसं अजून हसत होती. नर्सनं आवाज बंद केला. तोराजी म्हणाला, "नव्याला भेटू आपण," पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. तो भिंतीकडे वळला.

एइकिची मात्र शांत होता. त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"घाटातून गाडी कोण चालवणार? तू?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"एकाहत्तर वर्षांची तू. गेल्या हिवाळ्यात दोनदा गाडी बर्फात रुतवलीस."

"हळू चालवीन."

"अगं, ओबाताकडे बघ. वाकला, माफी मागितली, सुटला. सगळा देश खूश. माझाही राजीनामा घेऊन टाक."

"काहीतरीच काय बोलता हो!"

"डिसेंबरपर्यंत येतो. पुढं नाही. डॉक्टर म्हणाले, मशीन थांबवलं की आठ-दहा दिवस लागतात. फारसा त्रास होत नाही, झोपच जास्त येते."

तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी संताप आला.

"डॉक्टरांना विचारून मोकळे झालात? कधी?"

"जूनमध्ये."

जूनमध्ये ती रबरी बूट चढवून शेतांच्या बांधांवरून दारोदार हिंडत होती. कुत्री अंगावर यायची, लोक पडद्याआडून बघून दार उघडायचे नाहीत. आणि रोज संध्याकाळी ती घरात पाऊल टाकायच्या आत हा माणूस आतून हाक मारून विचारायचा, "काय गं, आज किती सह्या झाल्या?" ती आकडा सांगायची, आणि तो म्हणायचा, "वा! मग होणार आपलं काम."